देवीच्या कोंबडीवरून राहिलेलं भांडण

आई, तुमची कोंबडी बरी आहे. ही बातमी सगळ्यात आधी देते, कारण तुम्ही असतात तर तिची खबर दिल्याशिवाय मला चपलासुद्धा काढू दिल्या नसत्यात. आज सकाळी तिनं भाताची शितं टिपली, सान्वीच्या हातातल्या पोळीला चोच मारली आणि कोंबड्याला पाण्याच्या टाकीमागे पळवून लावलं. गळा अगदी मोकळा आहे. आवाजही परत आलाय, आणि तो पूर्वीइतकाच कर्कश आहे.

तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय. दुपारी जेवून आडव्या झालात, "पाच मिन्टा आंग टाकतंय" म्हणालात आणि उठलाच नाहीत. भेटायला आलेले सगळे म्हणाले, भाग्याचं मरण आलं हो म्हातारीला. असेलही. पण माझ्याशी चाललेलं भांडण अर्धवट टाकून कुणी असं जातं का? शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे असं मानणाऱ्या बाईनं तर मुळीच जाऊ नये. म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही हे ऐकणार नाही, ठाऊक आहे मला. समोर होतात तेव्हा तरी माझं कुठे ऐकून घेत होतात!

आपल्या भांडणाचं मूळ सान्वीच्या जन्मात आहे. दिवस भरायच्या आधीच ती आली. पनवेलच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती, मुठीएवढं तोंड आणि त्या तोंडातून पोटात गेलेली बारीक नळी. तिला दूध ओढताच येत नव्हतं. मी दूध काढून द्यायचे, सिस्टर ते सिरिंजमध्ये ओतून सिरिंज वर धरायची, आणि दूध आपसूक नळीतून खाली उतरायचं. दाबायचं नाही, घाई करायची नाही. पुढे पुढे ती सिरिंज सिस्टर माझ्याच हातात देऊ लागली. तुम्हाला आत सोडत नव्हते. तुम्ही दाराच्या काचेला नाक लावून उभ्या, आणि मी बाहेर आले की तुमचा एकच प्रश्न, "पोटान गेला का?" वजन किती भरलं, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही नाही. पोटात गेलं का, बस्स. त्या दारात उभं राहूनच तुम्ही गावदेवीला शब्द दिलात, की माझी नात स्वतःच्या तोंडानं जेवू लागली की तुला कोंबडी देईन. मला हे कितीतरी उशिरा कळलं.

नात जेवायला लागली. आता तर बालवाडीतून येताना अर्ध्या रस्त्यात डबा संपवून येते. नवस मात्र रखडला, कारण साधी कोंबडी बोलतील त्या तुम्ही कसल्या! कोंबडी घरच्याच अंड्यातून निघालेली हवी, आणि उलट्या पिसांची हवी. बाजारातली चालणार नव्हती. करंजाड्यातली आपली शेतं गेली, शेतांच्या बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली, पण तुमच्या कोंबड्या काही हलल्या नाहीत. त्या बिल्डिंगच्या गच्चीवर राहायला आल्या. दरवर्षी तुम्ही अंडी उबवायला बसवायचात आणि पिल्लांना पिसं फुटली की एकेकाला उचलून उजेडात फिरवून बघायचात. एकाचीही उलटी नसत. मी म्हणायचे, देवीला सुलट पिसांची चालेल हो. तुम्ही म्हणायचात, "तुला कोनी इचारला?"

शेवटी एक निघाली. अंगावरचं प्रत्येक पीस बाहेर वळलेलं, कायम वाऱ्यात उभी असल्यासारखी. तुमचा आनंद काय सांगावा! देवीच्या कोंबडीला नाव ठेवायचं नाही अशी ताकीद तुम्ही घरभर दिलीत, आणि सान्वीनं दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'टीचर' ठेवलं, कारण तिच्या बालवाडीतल्या बाईंचे केस असेच कुरळे आहेत. तुम्ही रागावलात. थोड्याच दिवसांत मात्र तुम्हीच गच्चीवरून ओरडत होतात, "सानू, तुजी टिचर माज्या वालवनावर बसलीय गो!"

देवीची म्हणून तिचं सगळं सोवळ्यातलं. बाकीच्या कोंबड्यांना आपल्या ताटातलं उरलंसुरलं चाले, हिला कुणाचं उष्टं म्हणून द्यायचं नाही. हिचे तांदूळ वेगळ्या डब्यात. पाण्याला पितळेची वाटी, रोज चिंचेनं घासलेली. त्या वाटीत दुसऱ्या कोंबडीनं चोच घालू नये म्हणून ती तुम्ही उंच कठड्यावर ठेवायचात, आणि टीचर पाणी प्यायला तिथे उडी मारून चढायची. मी कपडे वाळत घालताना हा थाट बघायचे आणि मनात म्हणायचे, माझं बाळंतपणात इतकं झालं नाही.

थंडी सरता सरता टीचर गप्प झाली. आधी दाणे टाकून द्यायला लागली, मग चोच उघडी ठेवून मान ताणायला लागली. तोंडाला घाण वास येऊ लागला. तुम्ही हळद-तूप लावलंत, देवीचा अंगारा लावलात, माझ्या नकळत दृष्टही काढलीत. मी तिची चोच उघडून आत मोबाइलचा उजेड पाडला तर घशात दह्याच्या कवडीसारखे पिवळट थर जमलेले. गिळणार कसं? तुम्ही वाकून ते बघितलंत आणि तिथेच टाकीला टेकून बसलात.

"देवीनं नको म्हनला," तुम्ही म्हणालात. "उशीर केला ना मी."

"आई, कोंबडी आजारी आहे. एवढंच झालंय."

"कोंबरीचा नाय गो मना. कोंबरी गेली त आपल्या पोरीचा काय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हा जीव तुमच्या लेखी सान्वीच्या जिवाच्या बदल्यातला होता. तो आधीच गेला, तोही गळा बंद होऊन, तर देवी दिलेलं परत घेईल, अशी भीती तुमच्या पोटात बसली होती. माझा नवसांवर विश्वास नाही, तुम्हाला ते ठाऊक होतं आणि त्यावरून तुम्ही मला चार गोष्टी सुनावलेल्याही होत्यात. पण त्या दिवशी तुमचा चेहरा बघून मी वाद घातला नाही. कळंबोलीला ऑफिसात फोन करून सुट्टी टाकली आणि रिक्षा बोलावली.

गुरांच्या दवाखान्यात आपल्यापुढे एक भला थोरला कुत्रा होता, मालकासकट. तुम्ही टोपली पदराखाली धरून अशा बसलात, की बघणाऱ्याला वाटावं आत सोनं आहे. डॉक्टर तरुण होता. त्यानं घसा बघितला आणि विचारलं, "मावशी, गच्चीवर कबुतरं येतात का?"

"येतान. बिचारी काय करतान? बसून ऱ्हातान कठड्यावर."

"आणि हिचं पाणी कुठे असतं?"

तुम्ही अभिमानानं सांगितलंत, कठड्यावर, वेगळ्या वाटीत, देवीची आहे, कुणाचं उष्टं खात नाही. डॉक्टर म्हणाला, "मावशी, हा रोग कबुतरांच्या तोंडातून पाण्यात येतो. बाकीच्या कोंबड्या खाली पितात, त्या ठणठणीत आहेत ना? ही एकटीच कबुतरांचं उष्टं पितेय."

आई, तुमचा तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. परतताना रिक्षात तुम्ही टोपली मांडीवर घट्ट धरून बसलात. करंजाड्याच्या वळणावर एकदम म्हणालात, "त्या कबूतरांचा मुरदा बशिवला!" रिक्षावाला दचकून मागे बघायला लागला.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, पण हेही सांगितलं होतं की औषध लागू पडेपर्यंत ही उपाशीच मरेल, नळीनं पोटात अन्न घालावं लागेल. "जमेल कुणाला?" त्यानं विचारलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हटलं, जमेल. त्यानं मला दाखवून दिलं, जिभेच्या मुळाशी जे छोटं छिद्र उघडझाप करतं ती श्वासाची वाट, तिथे नळी जाता कामा नये. नळी बाजूनं, घशाच्या उजव्या अंगानं खाली सरकवायची, छातीशी दाण्याची पिशवी असते तिथपर्यंत. आधी बाहेरून लांबी मोजून नळीवर खूण करायची. वाट चुकली तर खेळ खलास.

औषधाच्या दुकानातला माणूस नळी काढता काढता म्हणाला, बाळ किती दिवसांचं आहे? मी म्हटलं, बाळाची असते तिच्यापेक्षा जाड द्या, कोंबडीला हवी आहे. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा तुमच्या पदराकडे बघितलं आणि नळी मुकाट्यानं पिशवीत टाकली. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "येरा वाटला त्याला." कोण वेडं वाटलं हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

मग सुरू झालं आपलं गच्चीवरचं कामकाज, ऑफिसला निघायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा. तुम्ही पालथ्या बादलीवर बसायचात, टीचरला तुमच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून मांडीत धरायचात आणि तिची मान वर ताणून ठेवायचात. मी चोच उघडून नळी सारायचे. तांदळाची पेज पातळ करून, गाळून, कोमट. डॉक्टरनं त्यात अंड्याचा बलक घालायला सांगितला होता, तो तुम्ही हाणून पाडलात. "कोंबरीला कोंबरीचाच अंडा? देवी काय म्हनंल?" शेवटी नाचणीचं सत्त्व घालायचं ठरलं. त्यावरही आपलं वाजलंच, कारण मी केलेलं तुम्हाला घट्ट वाटायचं आणि तुम्ही केलेल्यात मला गुठळ्या दिसायच्या.

पहिल्या दिवशी नळी चोचीवरच आपटत राहिली. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "तुना पोरीला घातलास, हिला नाय का जमनार?" नळी खुणेपर्यंत गेली. मानेवरून बोट फिरवलं तर श्वासाची नळी वेगळी लागली आणि आपली वेगळी. मी सिरिंज वर धरली. पेज हळूहळू उतरायला लागली. तुमची बोटं तिच्या छातीशी होती, आणि तिथली पिशवी भरत गेली तशा तुम्ही पुटपुटत होतात, "भरतंय गो, भरतंय." मग मान वर करून तुम्ही विचारलंत, "पोटान गेला का?"

आणि आपण दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. दवाखान्यातलं ते दार दोघींच्याही डोळ्यांसमोर आलं होतं. इतकी वर्षं आपण त्या दिवसांबद्दल कधी बोललो नव्हतो. मी आत रडत होते तेव्हा तुम्ही बाहेर काय करत होतात, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि तुम्हीही सांगितलं नव्हतंत. त्या दिवशीही आपण बोललो नाही. पेज सांडेल म्हणून तुम्ही माझ्यावर खेकसलात आणि मी सिरिंज सरळ केली. पण आई, तुम्ही मला तेव्हा फार आवडलात. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

थर हळूहळू सुटत गेले. मग एका सकाळी मी नळी उकळत असताना गच्चीवरून तुमची आरोळी आली. बिल्डिंगमधल्या बायका दारात आल्या, कुणी पडलं की काय म्हणून. टीचरनं तांदळाचा दाणा आपणहून उचलून गिळला होता. तुम्ही तिची सगळी पिसं कुरवाळलीत, सान्वीला कडेवर घेतलंत आणि पाठोपाठ माझ्या हाताला धरून म्हणालात, "आता चैतात जत्रेला देवीला देऊन टाकू. मोकला होऊ."

भांडण सुरू झालं ते इथे. मी म्हटलं, आई, जिला आपण मांडीवर घेऊन भरवलं तिच्या मानेवर सुरी फिरवायची? तुम्ही म्हणालात, "देवीचा हाय ता देवीलाच जावाला पायजे." मी म्हटलं, देवीनं मागितलं होतं का? तुम्हीच देऊ केलंत. तुम्ही म्हणालात, "मग शबूद मी दिला, मीच पालनार. तवा पोर काचंमागं व्हती. तवा देवीनं माजा हात मागला असता त मी हात दिला असता." मी आवाज चढवला. उत्तर नसलं की मी आवाज चढवते, हे तुम्ही ओळखून होतात. भाकऱ्या थापताना, मासळीबाजारातून येताना, सान्वीची वेणी घालताना आपलं तेच चालायचं. मी म्हणायचे जिवंत सोडा, तुम्ही म्हणायचात नवसात फसवाफसवी चालत नाही. आपल्या या सासू-सुनांच्या वादाला कंटाळून तुमचा महेश गॅलरीत जाऊन बसायचा. गेलात त्या दिवशीही जेवताना आपलं तेच चाललं होतं, आणि तुम्ही म्हणालात, "तू नको शिकवू मना." मग हात धुऊन तुम्ही आडव्या झालात.

दिवसकार्य आटोपलं, सुतक फिटलं, आणि जत्रा आठवड्यावर आली तशी महेशनं विषय काढला. म्हणाला, "आईनं दिलेला शब्द आहे. ती असती तर तिनं फेडला असता. आपण नाही फेडला तर तिचा शब्द खाली पडेल." त्याचं बरोबर होतं. तुमच्याशी मी हवं तितकं भांडू शकत होते, कारण तुम्ही उलट उत्तर देत होतात. आता गप्प झालेल्या माणसावर कुरघोडी करण्यात काय अर्थ होता? कोंबडीचा जीव की तुमचा शब्द, एवढंच उरलं होतं. मी सगळी रात्र कूस बदलत काढली आणि परवा सकाळी देवळात गेले. कोंबडी कधी आणायची ते विचारायला, आई. मी हरायचं ठरवूनच निघाले होते.

देवळातले गुरवमामा हार सोडवत बसले होते. मी नवसाचं काढलं तसे ते म्हणाले, "कंची कोंबरी? उलट्या पिसांची? तिचा निकाल कवाच लागला."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. शिमग्याच्या आधी तुम्ही एकट्याच देवळात गेला होतात आणि कौल लावायला सांगितला होतात. म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"इचारला काय, त कोंबरी न कापता जित्तीच पायावर घातली त चालंल का," गुरवमामा म्हणाले. "डावी परली. मी बोल्लो, बाये, देवी नाय बोलतंय. त बोल्ली, परत लाव. परत डावी. मी बोल्लो, आता ऊठ. त माज्यावरच चवतालली. बोल्ली, देवीला अजून सगला समजला नाय, मी नीट सांगतंय. मग बसली सांगत. कबूतरां, डाक्तर, नली, पेज. माजी भाकरी ऱ्हायली घरान."

"मग पडली उजवी?"

"परली. उकारत व्हता म्हनून मी पंखा लावला, तवर परली." त्यांनी देवीकडे बघून हात जोडले. "तिचा तिला ठाव. पन मना बजावून गेली, घरी सांगू नको. बोल्ली, जिंकली म्हनून डोक्यावर बसंल. जत्रेला मीच सांगन."

म्हणजे आई, घरी माझ्याशी कडाकडा भांडत होतात आणि देवीसमोर माझीच बाजू मांडून आला होतात! मला हसू येत होतं. मी जायला उठले तसे गुरवमामा म्हणाले, "येक आयकून जा. मी तिला इचारला, कोंबरीसाटी एवरा कशाला करतंस? त बोल्ली, माज्या लेकीनं तिला हातानं भरवून जगवलीय, तिच्या डोल्यादेखत मना कापवायची नाय. मी हसलो. बोल्लो, तुला दोगं पोरगंच ना, लेक कंची? त बोल्ली, हाय एक. उशिरा झाली, पन झाली."

तुम्ही गेलात त्या घटकेपासून मी चहा करत होते, आई. आल्यागेल्याला पाणी, चटया, फोन, कुणाला कुठे झोपवायचं ते बघणं. गेलेल्या बाईच्या लेकी तिच्या पायाशी बसून रडतात आणि सुना स्वयंपाकघरात असतात, अशीच रीत आहे आपल्याकडे. मला कुणी रडू नको म्हटलं नव्हतं, पण बस जरा, असंही कुणी म्हटलं नव्हतं. परवा मात्र मी देवळाच्या पायरीवर बसले आणि गळा काढून रडले. येणारीजाणारी माणसं थांबत होती. कुणीतरी आत डोकावून विचारलं, काय झालं या बाईला? हार सोडवता सोडवता गुरवमामा म्हणाले, "रडू दे तिला. आई गेलीय तिची."